कालवा मोजणाऱ्या मगदूम मॅडम

मगदूम मॅडमनी माझं नुकसान केलं, हे मी आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस विरघळला. मी विरघळलेलो नाही. राग आहे तो आहेच. पण ज्याची आठवण आली की मला खुर्चीत बसवत नाही, उठून येरझाऱ्या घालाव्या वाटतात, असं माणूस आयुष्यात एकच भेटलं. ते सुती साडी नेसून, पिशवीत जेलीचे डबे घेऊन, दर रविवारी सकाळी माझ्या दारात उभं असायचं.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर भांडण कळणार नाही. उचगावात भंगाराच्या गोदामात हमाली करत मी सुरुवात केली. दवाखान्यांनी टाकून दिलेली एक्स-रे मशिनं उघडून बघायचा नाद लागला. जी चालू झाली ती विकली. असं करत करत एका बंद पडलेल्या हॉस्पिटलातलं जुनं एमआरआय मशीन उचललं, ट्रेलरवर घालून कोल्हापुरात आणलं आणि स्वतःचं स्कॅन सेंटर काढलं. मशीन उत्तम चालायचं, आजही चालतं. पण शहरातले बडे डॉक्टर पेशंटला सांगायचे, "त्या भंगारवाल्याकडं नको, दुसरीकडं काढा." हा शब्द मी गिळलेला नाही.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तानाजीवर ओरडत होतो. तानाजी माझा ऑपरेटर. माझं ओरडणं तो पंख्याच्या घरघरीसारखं धरतो. मॅडम दारात शांत उभ्या राहिल्या आणि माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी मगदूम. कॉलेजात फिजिक्स शिकवते, मूळची शिरोळकडची. मला तुमचं मशीन रविवारी पाहिजे."

"कशाला?"

"माणसाच्या मांसातनं वीज किती सहज जाते, त्याचा नकाशा काढायचाय."

"म्हणजे पेशंटला शॉक देणार काय?"

"न्हाय हो! वायर न्हाय, सुई न्हाय. स्कॅन करताना मशीन रेडिओच्या लहरी सोडतंय की. शरीरात जिथं मीठ-पाणी जास्त, तिथं त्या लहरी जरा मागंपुढं होतात. तो फरक मशीन टिपतं, आणि चित्र तयार झालं की तुम्ही लोक तो फेकून देता. मला तुमचं ते फेकलेलं पाहिजे."

फेकलेलं पाहिजे! ज्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्यानं फेकलेलं उचलण्यात गेलं, त्याला हे वाक्य कसं लागलं असेल? मी चहा सांगितला.

त्यांनी पुढं सांगितलं की काही वाईट गाठींतनं वीज चांगल्या मांसापेक्षा जास्त सहज जाते. नकाशा खरा निघाला तर सुई न खुपसता गाठीचा अंदाज घेता येईल. मी आतून पेटलो होतो, पण चेहरा थंड ठेवला. सौद्यात चेहरा थंडच ठेवायचा असतो. म्हणालो, "रविवारी दोन तास. आणि तुमच्या संशोधनाच्या कागदावर माझ्या सेंटरचं नाव."

मॅडमनी मान डोलावली. चहा पिता पिता मशीनच्या चुंबकाची चौकशी केली, एसीची केली, माझ्या घरच्यांची केली. कप खाली ठेवताना, जणू विषयच निघाला नव्हता अशा आवाजात, पुन्हा विचारलं, "रविवारी किती वेळ देता, अण्णा?"

"तीन तास घ्या," मी बोलून गेलो.

"मघाशी दोन म्हणालात."

"मग? वाढवून दिला की!"

"एकच माणूस, एकच प्रश्न, आणि उत्तरात तासाचा फरक. म्हणजे दोन्ही उत्तरं कच्ची. मी आठला येते, काम संपलं की जाते."

तानाजी खाली मान घालून हसत होता. त्याला मी शिव्या घातल्या, पण सौदा हातातनं गेला होता. हमालीपासून आजवर हजार लोकांशी घासाघीस केली. माझाच आकडा माझ्याच आकड्यातनं वजा करणारं कुणी भेटलं नव्हतं.

हीच त्यांची रीत. कुठलीही गोष्ट दोनदा करायची. जेलीचा डबा मशीनमध्ये ठेवायचा, स्कॅन काढायचा, डब्याला हात न लावता तसाच्या तसा पुन्हा काढायचा. मग एकातनं दुसरा वजा. जे दोन्हींत सारखं आहे ते जातं, जे उरतं ते उगाचचं. त्या उगाचच्याला शिकलेले लोक नॉइज म्हणतात. मॅडम आमच्या गावाकडच्या शब्दात कालवा म्हणायच्या, म्हणजे गोंगाट. "आज कालवा लय हाय बघा," असं म्हणत आत यायच्या, तेव्हा नव्या पेशंटला वाटायचं बाहेर मारामारी चाललीय.

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, साधं स्कॅनचं चित्र एवढं स्वच्छ येतंय. मग तुमच्या नकाशातच एवढा कालवा कुठनं येतो?"

त्यांनी मला खिडकीशी नेलं. समोरच्या प्लॉटवर ट्रॅक्टर रान सपाट करत होता. "ते रान कसं दिसतंय?"

"सपाट."

"आता त्याचा उतार काढा. पावलापावलाला. एखादं ढेकूळ लागलं की उतार बदलणार. आता त्या उताराचा उतार काढा. काय होईल?"

"प्रत्येक ढेकळाचा डोंगर होईल," मी म्हणालो.

मॅडमनी टाळी वाजवली. "झालं की! माझा नकाशा म्हणजे उताराचा उतार. चित्रात डोळ्याला दिसत न्हाय एवढंसं ढेकूळ माझ्याकडं डोंगर होऊन येतंय." त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत दिसेल त्याला हे समजावून सांगितलं. पेट्रोल पंपावरच्या माणसालासुद्धा.

जेली आमच्या घरी शिजायची, कारण सेंटरमध्ये गॅस नव्हता. चायना गवत, मीठ आणि चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं जेली मशीनला लवकर दिसते म्हणे. ते आणायला मॅडम शेतीच्या औषधांच्या दुकानात गेल्या, मी सोबत होतो.

"कुठलं पीक, बाई?" दुकानदारानं विचारलं.

"जेली."

"नवीन वाण दिसतंय. पाणी किती लागतं?"

"उकळतं लागतं," मॅडम म्हणाल्या आणि पुडी घेऊन निघाल्या. तो बिचारा अजून विचार करत असेल.

माझी बायको शालन पहिल्या दिवशी भडकली. "त्या इषाच्या पातेल्यात आता मी आमटी करू व्हय?" पातेलं तिनं कायमचं वेगळं काढलं आणि त्यावर खिळ्यानं फुली मारली. पण जेलीत बुडबुडा येऊ न देता ढवळायचं कसब तिच्याच हातात होतं. मॅडमनी ढवळलं की जेलीला फेस, शालननं ढवळलं की काच. मॅडम सरळ म्हणाल्या, "वहिनी, हे तुम्हीच करा, मला जमत न्हाय." त्यानंतर शालनला दुसरं काही सुचेना. निळी जेली गाळताना ती शेजारणींना सांगायची, "हात लावू नका, संशोधन हाय."

आता माझ्या नुकसानीकडं येतो.

पुण्याचे एक मोठे डॉक्टर अशा नकाशांची खऱ्या पेशंटांवर चाचणी करणार होते. त्यासाठी त्यांना आमच्या भागातलं एक सेंटर निवडायचं होतं. मॅडमच्या ओळखीनं ते आमच्याकडं यायला तयार झाले. मला त्या चाचणीचं काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. एकदा का ती माझ्या सेंटरला मिळाली की शहरातल्या एकाही डॉक्टराची भंगारवाला म्हणायची हिंमत होणार नव्हती. मी इमारतीला रंग दिला. गेटवर सेंटरच्या नावाचा एलईडीचा बोर्ड बसवला, हायवेवरनं दिसेल एवढा. आणि तानाजीला बसवून नकाशाचं एक चित्र तयार करून घेतलं. कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते, चित्र घोटून गुळगुळीत करायची. तानाजीनं घोटलं. काय चित्र झालं होतं! निळं, तुकतुकीत, एक ठिपका नाही. ते मोठं छापून रिसेप्शनला लावलं.

मॅडमनी बघितलं. "हे कशाला?"

"जुनं मशीन विकताना मी रंग मारून विकतो. गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घेतं."

"पाव्हण्यांना दोन्ही दाखवायचं, अण्णा. घोटलेलं आणि न घोटलेलं."

"एकच दाखवायचं! आपल्या मालाची खोट आपण दाखवायची? कुठल्या बाजारात असतं असं?"

त्या वळून आपले डबे लावायला लागल्या. मला वाटलं, पटलं.

तो रविवार आला. डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. भिंतीवरच्या चित्रापुढं थांबून म्हणाले, "हे फारच स्वच्छ आहे." माझी छाती फुगली. मग मॅडमनी डबा मशीनमध्ये ठेवला. पहिला स्कॅन झाला. तानाजीनं घोटलं, चित्र भिंतीवरच्यासारखंच आलं. मी जेवणाचं विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता पुन्हा काढू. आणि न घोटता दोन्ही बघू."

मी डोळे वटारले. त्यांनी बघितलं नाही.

न घोटलेली दोन चित्रं शेजारी आली. डबा तोच, जेली तीच. एकात डावीकडं लाल डाग, म्हणजे वीज जास्त सहज जाणारी जागा, दुसऱ्यात तो उजवीकडं. वर आडव्या रेघा. मी मान फिरवली.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "ह्या डब्यात मी द्राक्षाएवढी गाठ ठेवलीय, जादा मिठाच्या जेलीची. कुठं असेल?"

डॉक्टरांनी घोटलेल्या चित्राकडं बघितलं. तिथं गाठ नव्हतीच. घोटण्यात पुसली गेली होती. न घोटलेल्यात दहा जागी असावी असं वाटत होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि न जेवता गेले.

मी फुटलो. "मॅडम, हे तुमी मुद्दाम केलंसा! घरात बसून माझ्या पाठीत सुरी घातली! गाठ ठेवायची हुती तर मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर डबा बदलला असता तुम्ही."

"बदललाच असता! लाख वेळा बदलला असता!"

"अण्णा, ही गाठ मी ठेवलेली, म्हणून हाय हे मला ठाऊक. माणसात असती तर कुणाला ठाऊक असतं?"

"ते मला सांगू नका. उद्यापासनं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय!"

त्यांनी डबे पिशवीत भरले, चष्मा पुसला आणि गेल्या.

पुढच्या रविवारी आठला पिशवी घेऊन दारात हजर. मी म्हणालो, "काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"उद्यापासनं येऊ नका म्हणालात. तो सोमवार होता. मी सोमवारी कधी येते?"

यावर माणसानं काय करायचं? तानाजी भिंतीकडं तोंड करून, हसू दाबत थरथरत होता. मी किल्ली टेबलावर आपटली. ती त्यांनी उचलली, दार उघडलं आणि कामाला लागल्या. अबोला महिनाभर टिकला. तोही एकट्या माझ्या बाजूनं, त्या बोलतच होत्या.

मग पुण्याहून फोन आला. मला नाही, मॅडमना. हेही मी विसरलेलो नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, "त्या गाठीचं पुढं काय झालं? केवढी असली की तुमच्या नकाशात खात्रीनं दिसते? ते दाखवा, मग ठरवतो." म्हणजे दार बंद झालं नव्हतं! माझा अबोला तिथंच संपला. मी तीनदा विचारलं, नक्की काय म्हणाले? तिन्ही वेळा मॅडमनी तेच शब्द सांगितले.

आता त्या कालव्यामागं लागल्या. एसी बंद करून बघितला. ट्यूबलाइट काढून बघितल्या. एका रविवारी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमचा बोर्ड बंद करा."

"काय?"

"गेटवरचा, तुमच्या नावाचा. आडव्या रेघा त्याच्या हायत असं वाटतंय मला."

माझं डोकं फिरलं. "बोर्ड गेटवर, मशीन आत! माझंच नाव तुमच्या डोळ्यात खुपतंय, दुसरं काय न्हाय!"

"असंल. बंद करून बघा."

तानाजीनं बटण दाबलं. पडद्यावरच्या रेघा गेल्या. "चालू करा." रेघा आल्या. "बंद करा." गेल्या. मी तानाजीला बाजूला ढकललं आणि स्वतः बटणापाशी गेलो. चालू, बंद, चालू, बंद. मी इथं बटण दाबतोय आणि तिथं पडद्यावर रेघा उठतायत, बसतायत! आयला, एवढा आनंद मला पहिलं मशीन सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता. मी ओरडत होतो, "आता बघा! आता बघा!" आणि मॅडम आतून ओरडत होत्या, "गेल्या! आल्या! गेल्या!" बाहेर बसलेले पेशंटचे नातेवाईक उठून उभे राहिले.

मशीनची खोली सगळीकडनं तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली असते, बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून. बोर्डाची वायर त्या पत्र्याला भोक पाडून खोलीतनंच नेलेली निघाली. तिच्यावरनं बोर्डाचा सगळा कालवा आत येत होता. ते भोक इलेक्ट्रिशियननं पाडलं. मी फक्त वायर वाचव एवढंच म्हणालो होतो.

वायर काढली, भोक बुजवलं. कालवा कमी झाला, पण संपला नाही. मॅडम म्हणायच्या, संपत नसतोच, किती हाय ते कळलं पाहिजे. मग एकच डबा पुन्हा पुन्हा काढून त्यांची सरासरी, सरासऱ्यांची वजाबाकी. किती वेळा काढलं की केवढी गाठ टिकते, हे त्या खोदून काढत होत्या.

डॉक्टर दुसऱ्यांदा आले त्या रविवारी मी देवाला नारळ फोडून आलो होतो. मॅडमनी एक नवीनच काढलं होतं. डब्यात मोठी, द्राक्षाएवढी मधली आणि हरभऱ्याएवढी बारकी अशा तीन गाठी, आणि त्या ठेवल्या होत्या शालननं. कुठं ठेवल्या ते मॅडमनाही माहीत नव्हतं. "मला ठाऊक असलं की माझे डोळे तिकडंच जातात, वहिनी," असं त्यांनी तिला बजावलं होतं. आदल्या दिवसापासून मी बायकोच्या मागं लागलो होतो, निदान मला तरी सांग. तिनं तोंड उघडलं नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून ती कंट्रोल रूममध्ये हाताची घडी घालून उभी राहिली, आणि पुण्याच्या डॉक्टरांसकट आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

पहिलं चित्र आलं. मग तसंच दुसरं. मोठी गाठ दोन्हींत एका जागी. डॉक्टरांनी बोट ठेवलं. शालन म्हणाली, "व्हय." मधली, खालच्या बाजूला, दोन्हींत. "व्हय." आता बारकी. पहिल्या चित्रात डाव्या कडेला एक लाल ठिपका स्पष्ट होता.

"ती बघा!" मी म्हणालो.

मॅडमनी दुसऱ्या चित्रात तीच जागा बघितली. तिथं काही नव्हतं. "बारकी मला सांगता येत न्हाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "मॅडम, पाया पडतो. समोर दिसतीय. बोट ठेवा. सगळं आता ह्याच्यावर हाय!"

"दोन्हींत न्हाय, अण्णा."

"एकात हाय की!"

"एकात हाय म्हणजे न्हाय." आणि डॉक्टरांकडं वळून, "ह्या मशीनवर, एवढ्या वेळात, हरभऱ्याएवढी गाठ दिसेल अशी खात्री मी देणार नाही. द्राक्षाएवढीची देते."

डॉक्टर शालनकडं वळले. "वहिनी, डावीकडं आहे का?"

शालननं माझ्याकडं एकदा बघितलं. "न्हाय," ती म्हणाली. "डावीकडं काय न्हाय. बारकी पार उजव्या अंगाला हाय."

डॉक्टरांनी डावीकडचा तो खोटा ठिपका पुन्हा एकदा बघितला. मग डॉक्टर उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सुरुवात इथंच करू."

मी ओरडलो, तानाजीला मिठी मारली, शालनलाही मारणार होतो तेवढ्यात तिनं डोळे वटारले.

चाचणी सुरू झाली. मला भंगारवाला म्हणणारे तेच बडे डॉक्टर आज माझ्याकडं पेशंट पाठवतात. मग नुकसान कसलं, असं विचाराल. सांगतो. वर्षभरात पुण्यानं मॅडमना बोलावून घेतलं, दुसऱ्या सेंटरांचा कालवा मोजायला. माझ्याकडं तयार झालेलं माणूस सरळ उचलून नेलं, आणि त्या गेल्या! त्यांच्या कागदावर माझ्या सेंटरचं नाव आलं, ठरल्याप्रमाणं. पण पुढच्याच ओळीत "जुने, कमी ताकदीचे मशीन" असंही छापलं. मी फोन करून भांडलो. त्या म्हणाल्या, "हायच की जुनं." त्या रागाचा मी अजून हिशोब चुकता केलेला नाही.

पण मॅडम म्हटलं की मला त्यांचं पुण्याला जाणं आठवत नाही. आठवतो तो डॉक्टरांच्या दुसऱ्या फेरीचा रविवारच. डॉक्टर, तानाजी, शालन सगळे बाहेर जेवायला बसले होते, हसण्याचा आवाज आत येत होता. मॅडम दिसेनात म्हणून मी कंट्रोल रूममध्ये गेलो. त्या एकट्याच पडद्यापुढं बसल्या होत्या, हाताची बोटं ओठांवर. पडद्यावर मघाच्या दोन चित्रांची वजाबाकी. मला वाटलं आता त्यात गाठी झळकतील. काही नव्हतं. कडेपासनं कडेपर्यंत बारीक रव्यासारखं करडं, त्यात मोठी गाठ नाही, मधली नाही, आणि डावीकडचा तो ठिपकाही त्या रव्यातलाच एक कण.

"गाठी कुठं गेल्या?" मी घाबरून विचारलं.

"दोन्हींत सारख्या होत्या, म्हणून गेल्या. उरला तो नुसता कालवा," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडं ओढली. "बसा अण्णा, बघा तरी. कसं सुंदर काही न्हाय!"

बाहेर ताटं थंड होत होती. मी बसलो, आणि आम्ही दोघं बघत राहिलो.